फोनवरचा कॅसिनो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत मोबाईल ॲपचे स्क्रीन आखते. बटण कुठे असावं, केवढं असावं, पैसे भरायला किती पायऱ्या असाव्यात, हे ठरवणं माझं रोजचं काम. कॅसिनोची ॲप मी बनवत नाही, पण ती उघडून एकेक स्क्रीन तपासते, कारण ओळखीच्या माणसांपासून अनोळखी वाचकांपर्यंत अनेक जण त्याबद्दल विचारत राहतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, गुंत्याचे नंतर. जिथे एका उत्तरात दुसऱ्याचा विषय येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फोनवरचा कॅसिनो म्हणजे नेमके कोणते खेळ? सगळे एकाच प्रकारचे असतात का?

दिसायला सगळेच झगमगीत, पण आत तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिला प्रकार फक्त चिप्सवरचा. तीन पत्ती, पोकर, स्लॉट (फिरती चित्रं जुळवायचा खेळ) असं काहीही, पण जिंकलेल्या चिप्सचे रुपये होत नाहीत. दुसऱ्यात खरे पैसे लागतात आणि निकाल संगणक काढतो. स्लॉट, रूलेट (आकड्यांचं फिरतं चाक), ब्लॅकजॅक, अंदर बाहर यात येतात, आणि विमानाचा तो खेळही, ज्यात विमान वर जाताना आकडा वाढत जातो आणि ते उडून जायच्या आत बटण दाबून पैसे काढायचे असतात. तिसरा प्रकार लाइव्ह टेबलचा. तिथे कॅमेऱ्यासमोर खरा माणूस पत्ते वाटतो आणि तुम्ही फोनवरून बोली लावता.

२. मुंबईत घरी बसून खऱ्या पैशांनी खेळलं तर ते कायदेशीर आहे का? मला पकडतील का?

असं ॲप चालवणं बेकायदा आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, नशिबाचा असो की कौशल्याचा, लोकांना पुरवायला त्याने मनाई केली. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. खेळणाऱ्यासाठी मात्र या कायद्यात शिक्षा नाही. कायद्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं आहे, त्यामुळे बातम्यांवर लक्ष ठेवा.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आधीपासून आहे. १९७६ मध्ये कॅसिनोंना परवाने देण्यासाठी राज्याने एक कायदा केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. म्हणजे महाराष्ट्रात कॅसिनोचा परवाना ही चीजच नाही. एखादं ॲप तसं सांगत असेल तर ते खोटं आहे. खेळणाऱ्याला खरा फटका बसतो तो बँक खात्यात. ते प्रश्न १२ मध्ये आहे.

३. मग प्ले स्टोअरवर तीन पत्तीची एवढी ॲप कशी काय चालतात?

ती पहिल्या प्रकारातली, चिप्सवाली. चिप्स विकत घेता येतात पण विकता येत नाहीत, म्हणून कायदा त्यांच्याकडे करमणूक म्हणून पाहतो. गडबड होते ती ॲपच्या बाहेर. व्हॉट्सॲपवर एजंट असतो. तो तुम्हाला चिप्स देतो, तुम्ही टेबलावर मुद्दाम हरून त्याला चिप्स परत करता, आणि तो रुपये देतो. त्या क्षणी ती करमणूक राहत नाही, आणि एजंटने पैसे दिले नाहीत तर ॲपवाले हात वर करतात, कारण त्यांच्या नियमांत चिप्सच्या विक्रीला मुळातच बंदी असते.

४. ताई, लिंकवरून एपीके टाकून ॲप घेतलं आहे. काही धोका आहे का?

आहे, आणि तो हरण्या-जिंकण्यापेक्षा मोठा आहे. एपीके म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून थेट टाकायची ॲपची फाइल. फोनच्या सेटिंग्जमध्ये जा, ॲपच्या यादीत ते ॲप उघडा आणि परवानग्या पाहा. पत्त्यांच्या खेळाला एसएमएस वाचायचं कारण काय? एसएमएसमध्ये बँकेचा ओटीपी येतो. संपर्कयादी कशाला? उद्या पैशांवरून वाद झाला तर तुमच्या सासऱ्यांना आणि ऑफिसातल्या साहेबांना फोन लावायला. सगळ्यात वाईट परवानगी म्हणजे ॲक्सेसिबिलिटी. ती मुळात दृष्टिबाधितांच्या सोयीसाठी आहे. ती ज्या ॲपला मिळते ते तुमच्या स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं.

ॲप टाकताना प्ले प्रोटेक्टची, म्हणजे फोनमधल्या सुरक्षा तपासणीची, सूचना येते आणि पाठवणारा सांगतो, ‘ते बंद करा, नेहमीचंच आहे.’ ज्याने असं सांगितलं त्याच्यावर विश्वास ठेवायचं तिथेच थांबवा. ॲप टाकून झालं असेल तर आधी परवानग्या काढा, मग ॲप काढा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेचा पासवर्ड बदला.

५. फुकटच्या डेमोमध्ये मी नेहमी जिंकतो आणि पैसे लावले की हरतो. असं का?

परवाना असलेल्या देशांत, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, डेमो आणि खरा खेळ यांत जिंकण्याची शक्यता सारखीच ठेवावी लागते. आपल्याकडे चालणाऱ्या बेकायदा ॲपवर असं बंधन कुणाचंच नाही. डेमो सढळ हाताने जिंकवायचा आणि पैसे भरल्यावर आकडे बदलायचे, हे करायला प्रोग्रॅममधली एक ओळ पुरते. तुमच्या ॲपने तसं केलंय की नाही हे तुम्हाला बाहेरून तपासता येत नाही, आणि मला तरी पैसे न लावायला एवढं कारण पुरेसं वाटतं.

६. ‘९६ टक्के परतावा’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे शंभरातले चारच जाणार ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगते. ९६ टक्के हे प्रत्येक बोलीवर आहेत, तुम्ही खिशातून काढलेल्या रकमेवर नाहीत. परत आलेले पैसे तुम्ही पुन्हा लावता, त्यातले चार टक्के पुन्हा जातात, आणि हे चालूच राहतं.

बोरिवलीहून चर्चगेटला जाणारी धीमी लोकल साधारण तासाभराची धरू. तुम्ही स्लॉटवर दहा रुपयांची फिरकी दर पाच सेकंदांनी मारताय. तासात ७२० फिरक्या, म्हणजे ७,२०० रुपये फिरले. त्याचे चार टक्के २८८. फिरकी अडीच सेकंदांनी मारली तर ५७६. दहा रुपयांचा खेळ म्हणून बसलेल्या माणसाचे एका फेरीत सरासरी एवढे जातात, आणि संध्याकाळी परतीची गाडी असतेच. सरासरी म्हणायचं कारण, एखाद्या दिवशी तुम्ही जिंकूनही उतराल. महिनाभराचा हिशेब मात्र या आकड्याकडे सरकत जातो.

वेग हाच यातला कळीचा मुद्दा. एका शून्याच्या रूलेटमध्ये ३७ घरं असतात आणि कॅसिनोचा वाटा २.७० टक्के असतो. दोन शून्यांच्या रूलेटमध्ये ३८ घरं, वाटा ५.२६ टक्के. गोव्यातल्या बोटीवर असो वा फोनवर, हे गणित तेच. पण खऱ्या टेबलावर तासाला चाळीसेक वेळा चाक फिरतं. मुंबईने कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका पाहिला आहे. त्यात ओपन आणि क्लोज असे दोनच आकडे निघायचे आणि मधले तास माणूस कामाला जायचा. फोनवर आकडा पाच सेकंदांनी निघतो, आणि विचार करायला मधला वेळ कुठेच मिळत नाही.

७. तीन पत्तीच्या ॲपमध्ये इतक्या ट्रेल कशा लागतात? पत्ते लावलेले असतात का?

आधी हिशेब करू. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात आणि त्यातले ५२ ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, असतात. म्हणजे ४२५ हातांत एक. पाच जणांच्या टेबलावर सरासरी ८५ डावांत एकदा कुणाला तरी ट्रेल लागणार. घरी दिवाळीत पत्ते पिसून, वाटून, चहा पिऊन ८५ डाव व्हायला रात्र जाते. ॲपवर चाळीस सेकंदांचा डाव धरला तर तासाभरात होतात. तासाला एखादी ट्रेल म्हणजे सरळ गणित आहे.

दर पंधरा मिनिटांनी ट्रेल लागते, आणि त्याच डावात समोरच्याकडे प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचे ओळीने तीन पत्ते) असते म्हणून मधली रक्कम फुगते, असं सतत दिसत असेल तर मात्र शंका घेण्यासारखं आहे.

८. लाइव्ह टेबलवरची मुलगी खरी असते की रेकॉर्डिंग?

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत खरी असते. लॅटव्हियाची राजधानी रिगा हे या स्टुडिओंचं मोठं केंद्र आहे. पत्ता टेबलावर आला की कॅमेरा तो वाचतो आणि तुमच्या फोनवर त्याचा आकडा उमटतो. बोली लावायला काही सेकंद मिळतात, घड्याळ उलटं धावतं, आणि हिंदीत गप्पा मारणाऱ्या टेबलांवर लोक जास्त वेळ बसतात.

एपीकेवाल्या ॲपमध्ये दुसऱ्याच कुठल्या टेबलाचं जुनं रेकॉर्डिंग लावून फसवलेलंही असू शकतं. चॅटमध्ये डीलरला काहीतरी विचारून पाहा. ती तुमचं नाव घेऊन उत्तर देत नसेल, कुणालाच देत नसेल, तर उठा.

९. लोकलमध्ये खेळताना मध्येच नेटवर्क गेलं. लावलेले पैसे कुणाचे?

तुमची बोली त्यांच्या सर्व्हरवर पोहोचली का, यावर सगळं अवलंबून आहे. पोहोचली असेल तर निकाल तिथेच लागतो. फोनवर फिरणारं चाक हे नंतर दाखवायचं चित्र असतं. नेटवर्क आल्यावर खेळाचा इतिहास उघडा, तिथे डाव दिसेल. पोहोचली नसेल तर पैसे शिलकीत परत दिसायला हवेत.

ब्लॅकजॅकमध्ये तुमचा निर्णय वेळेत आला नाही तर बहुतेक ठिकाणी आहे त्याच पत्त्यांवर डाव मोजतात. विमानाच्या खेळात हे फार महागात पडतं. बोली आधीच पोहोचलेली असते, पण ‘काढा’ हे बटण तुम्ही भुयारी मेट्रोच्या बोगद्यात दाबलेलं असतं. तुमच्या स्क्रीनवर आकडा थबकलेला, तिकडे विमान उडून गेलेलं. अशी तक्रार ऐकली जात नाही, कारण नियमांत तुमच्या इंटरनेटची जबाबदारी तुमच्यावर टाकलेली असते.

१०. मला जुगाराची सवय नाही, तरी हे ॲप सुटत नाही. त्यात असं काय केलेलं असतं?

हे माझ्या कामाचं क्षेत्र आहे. फोन उभा धरा आणि उजव्या अंगठ्याने खेळा. अंगठा जिथे आपोआप टेकतो तिथे बोलीचं बटण असतं, मोठं आणि उजळ. शिल्लक वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. नजर तिकडे जाऊ नये अशीच ती जागा आहे. घड्याळ नसतं, कारण पूर्ण स्क्रीनचा खेळ फोनची वरची पट्टी झाकतो. रुपयांच्या जागी नाणी दिसतात. शिल्लक संपली की लगेच पैसे भरायची चौकट वर येते, त्यात ५००, १,०००, ५,००० अशी बटणं असतात आणि मधलं किंवा मोठं आधीच निवडलेलं असतं. शंभर रुपये भरायचे तर आकडा हाताने टाकावा लागतो.

मग येतात दोन युक्त्या. एक म्हणजे ‘थोडक्यात हुकलं’. तीनपैकी दोन चित्रं जुळतात आणि तिसरं एका घराने खाली थांबतं. तुम्ही तेवढेच हरलेले असता, पण मन त्याला ‘जवळ आलो’ असं मोजतं. दुसरी जास्त लबाड आहे. स्लॉटवर चित्रं जुळवायच्या वीस रेषा आणि प्रत्येकीवर एक रुपया, म्हणजे वीस रुपये लावले. एका रेषेवर आठ रुपये लागले. स्क्रीन सोनेरी होतो, नाण्यांचा आवाज येतो, ‘८ जिंकलात!’ झळकतं. प्रत्यक्षात बारा रुपये गेले.

हे सगळं ओळखून ब्रिटनच्या जुगार आयोगाने ३१ ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटवर बंधनं आणली. दोन फिरक्यांमध्ये किमान अडीच सेकंद हवेत, आपोआप फिरवत ठेवणारं बटण बंद, आणि लावलेल्या रकमेइतके किंवा त्याहून कमी परत आले तर जल्लोष दाखवायचा नाही. तुमच्या फोनमधलं ॲप ही तिन्ही बंधनं बिनदिक्कत मोडत असेल तर तुमच्या इच्छाशक्तीला दोष देण्याआधी हे लक्षात घ्या. माझ्या व्यवसायातल्या हुशार माणसांनी ते तसं आखलेलं आहे, आणि याचा मला राग येतो.

११. पहिल्या भरण्यावर तेवढाच बोनस देतात. घ्यायला काय हरकत आहे?

अटीतला ‘३० पट’ हा शब्द शोधा. हजार भरले, हजार बोनस मिळाला, आणि दोन्हींच्या तीसपट खेळायची अट असेल तर ६०,००० रुपयांच्या बोली लावल्याशिवाय एक पैसा काढता येत नाही. प्रश्न ६ मधले चार टक्के इथे लावा. सरासरी २,४०० जाणार, म्हणजे बोनससह जमा असलेल्या दोन हजारांपेक्षाही जास्त. रूलेटवरच्या बोली बहुतेक वेळा या अटीत पूर्ण मोजतही नाहीत. बोनस नाकारायचं बटण असतं, पण पैसे भरण्याच्या स्क्रीनवर अगदी तळाशी, राखाडी रंगात.

१२. पैसे भरताना यूपीआयवर दरवेळी वेगळ्याच माणसाचं नाव येतं. आणि आता माझं खातं गोठलंय. काय संबंध?

थेट संबंध आहे. अशा ॲपला स्वतःच्या नावाने बँकेत व्यवहार करता येत नाहीत, म्हणून ते भाड्याने घेतलेली खाती वापरतात. कुणा विद्यार्थ्याचं, कुणा फेरीवाल्याचं खातं महिन्याच्या मोबदल्यावर घेतलेलं असतं. त्याच खात्यांत सायबर फसवणुकीचे पैसेही फिरतात. तुम्ही जिंकलेले पाच हजार अशाच खात्यातून तुमच्याकडे आले आणि तिकडे कुणीतरी तक्रार केली, तर पैशांचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक ती रक्कम, कधी पूर्ण खातं, रोखून धरते. तक्रार दुसऱ्याच राज्यातली असू शकते.

आता काय करायचं? बँकेच्या शाखेत जाऊन तक्रारीचा क्रमांक आणि संबंधित पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागा. त्या तपास अधिकाऱ्याला व्यवहाराचा तपशील ईमेलने पाठवा आणि खरं तेच सांगा. पैसे कुठून आले याची बनावट गोष्ट रचू नका. ‘खातं सोडवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि आपलं खातं कुणाला भाड्याने दिलं असेल तर आधी वकील गाठा, कारण तिथे तुम्ही खेळणारे राहत नाही.

१३. भरताना एक सेकंद, काढताना चार दिवस. पैसे दिलेच नाहीत तर कोर्टात जाता येईल?

उशीर हाही आखणीचाच भाग. पैसे काढायचं बटण मेनूच्या आत दडलेलं, पॅनकार्ड-आधार फक्त काढतानाच मागायचं, आणि विनंती ‘प्रक्रियेत’ असताना शेजारी ‘रद्द करा आणि खेळा’ असं बटण. रात्री दोनला ते दाबलं जातं. ब्रिटनने अशी काढणी उलटवायची सोय बंद केली आहे.

जिंकलेल्या पैशांसाठी कोर्टाचा दरवाजा जवळपास बंद आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो आणि त्यातली रक्कम दावा करून वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यात १८६५ च्या कायद्याने पैजेला धरून केलेले पूरक करारही रद्दबातल ठरवले. पण तुम्हाला ठरवून फसवलं असेल, म्हणजे बनावट ॲप, पैसे काढायला आधी ‘टॅक्स भरा’ अशी मागणी, खात्यातून परस्पर रक्कम गेली असेल, तर ती फसवणूक आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येतात.

१४. टेलिग्रामवर पुढचा आकडा सांगणारे ‘सिग्नल’ विकतात. खरे असतात का?

नाहीत. एका गटाला ‘वर’ आणि दुसऱ्याला ‘खाली’ पाठवलं की निम्मे लोक खूश असतात, आणि तेच पुढचे पैसे भरतात. त्यातच तुमच्या हरलेल्या रकमेवर सिग्नल विकणाऱ्याला ॲपकडून कमिशन असू शकतं.

१५. व्हीपीएन लावून, किंवा गोव्याला गेल्यावर फोनवर खेळलं तर चालेल ना?

गोव्यात परवानगी आहे ती प्रत्यक्ष कॅसिनोला, म्हणजे पणजीत मांडवीवरच्या बोटी आणि पंचतारांकित हॉटेलांतली यंत्रं. पणजीच्या जेटीवर उभं राहून फोन उघडला म्हणून ॲप कायदेशीर होत नाही. केंद्राचा कायदा तिथेही आहे.

व्हीपीएनने, म्हणजे आपण कुठून जोडलोय ते लपवणाऱ्या ॲपने, उलट तुमचीच मान अडकते. परदेशी ॲपच्या नियमांत ते वापरल्यास जिंकलेली रक्कम जप्त करायची मुभा असते, आणि हरलेली ते परत करत नाहीत. परदेशी पैसे पाठवून लॉटरी, स्वीपस्टेक वगैरे घ्यायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखालच्या नियमांत सरळ मनाई आहे.

१६. मग महालक्ष्मीची रेस, राज्य लॉटरी, रमी, दिवाळीतली तीन पत्ती? हे सगळंही बंद?

प्रत्येकाचं वेगळं आहे. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलं, त्यामुळे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरची बोली निराळ्या नियमांखाली चालते. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सरकार स्वतः चालवतं. रमीला १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ मानलं, आणि म्हणूनच लोक मला ‘रमी चालते’ असं ठासून सांगतात. पत्त्यांच्या टेबलासाठी तो युक्तिवाद होता. २०२५ चा कायदा ऑनलाइन आणि पैसे लावलेल्या रमीला कौशल्य की नशीब हा फरक लागू करत नाही.

दिवाळीत घरच्यांनी घरात पत्ते खेळणं आणि नाल काढून अड्डा चालवणं यात जुना कायदाही फरक करतो. यजमान प्रत्येक डावातून स्वतःसाठी पैसे काढू लागला की त्याच्या हॉलचा अड्डा होतो.

१७. जिंकलेल्यावर टॅक्स लागतो का? बेकायदा असेल तर दाखवायचं कसं?

लागतो. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के, वर उपकर. उत्पन्न बेकायदा मार्गाचं आहे म्हणून करातून सुटत नाही. बँकेचा उतारा घेऊन सीएकडे जा, ॲपमधला स्क्रीनशॉट कामाचा नाही.

१८. नवऱ्याच्या फोनमध्ये हे सापडलं. मी काय पाहू आणि काय बोलू?

बँकेच्या उताऱ्यात रात्री बारा ते तीनच्या दरम्यान गेलेल्या गोल रकमा पाहा. ५००, ५००, १,०००, पुन्हा ५००, अनोळखी नावांना. मध्येच एखादं झटपट कर्जाचं ॲप दिसतं. कर्जाच्या ॲपने संपर्कयादी मागू नये असं रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून सांगितलं आहे. मागितली असेल तर ते ॲपच संशयास्पद आहे.

बोलायची वेळ सकाळची ठेवा, हरल्याच्या रात्री नाही. ‘किती गेले’ याआधी ‘कुणाकुणाचं देणं आहे’ हे विचारा, कारण लपवलेलं असतं ते देणं. सगळं कर्ज तुमचे दागिने मोडून एका झटक्यात फेडू नका. देणं फिटलं की कर्ज परत उभं राहतं, हे मी फार घरांत ऐकलंय. आधी पैशांचा ताबा बदला. पगार जमा होणाऱ्या खात्याचं यूपीआय काही महिने तुमच्या फोनवर असू दे, त्याच्या संमतीने. जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, म्हणजे त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. जीव द्यायची भाषा निघाली तर उत्तराची वाट न पाहता त्याला घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, एकटं सोडू नका.

१९. मला स्वतःला थांबायचं आहे. ॲप काढून टाकलं, तरी आठवड्यात परत येतं.

कारण ॲप काढल्याने खातं बंद होत नाही. आत पडलेली रक्कम आणि रोजचे मेसेज तुम्हाला परत ओढतात. आधी खातं बंद करायची लेखी विनंती पाठवा आणि उरलेली शिल्लक गेली असं समजा. यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा विभाग उघडून अनोळखी आदेश रद्द करा. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करता येते, ती घरखर्चापुरती ठेवा. ब्राउझरच्या सूचनांच्या यादीत त्या साइटचं नाव शोधून बंद करा. हे जवळपास सगळेच विसरतात, आणि रात्रीचं ‘तुमच्यासाठी ५० फिरक्या’ तिथूनच येतं. टेलिग्रामचे गट सोडा, नुसते म्यूट करू नका. बेटब्लॉकर नावाचं मोफत ॲप जुगाराच्या साइट अडवतं. त्यात लांबची मुदत निवडा, म्हणजे मोहाच्या क्षणी ते काढता येणार नाही.

आणि फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. आमच्या वन-रूम किचनमध्ये दुसरी खोली कुठली, असं एकाने लिहिलं होतं. मग ओट्याजवळचा प्लग. उठून उभं राहावं लागलं तरी पुरे.

२०. मी आईसोबत फक्त चिप्सवाली तीन पत्ती खेळते, ती गावी आणि मी दहिसरला. तेही सोडू का?

नको. ती गप्पांची सोबत आहे, खेळत राहा. फक्त दोन्ही फोनवर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून घ्या, कारण चिप्स संपल्यावर येणारी चौकट आईंच्या चष्म्याविना वाचली जात नाही. सार्वजनिक टेबलऐवजी खासगी टेबल उघडा. तिथे कुणी अनोळखी माणूस ‘चिप्स हव्यात का काकू’ असं विचारत येत नाही.